साडेतेरा टक्के

गव्हाचा दाणा दाढेखाली धरला
की मला कळतं, ओलावा किती आहे.
साडेतेरा टक्क्यांच्या वर गेला तर मी ट्रक परत पाठवतो,
मग तो शेजाऱ्याचा असो नाहीतर मेव्हण्याचा.
सव्वीस वर्षं हेच केलं, नॉर्थ डकोटात,
जिथे हिवाळ्यात ओठसुद्धा बांधासारखे तडकतात.

म्हणून क्लीव्हलँडच्या मोटेलात, रात्री साडेदहाला,
पलंगाच्या काठावर बसून टेरिन म्हणाली,
"रीड जड झालीय, बाबा. घरी बरी होती,"
तेव्हा मनात आलं,
चला, एवढी एक गोष्ट तरी माझ्या हद्दीतली निघाली.

दोन दिवस गाडी चालवत आलो होतो.
विस्कॉन्सिनभर ती शेजारी बसून
थर्मासवर बोटं नाचवत होती,
अख्खा तुकडा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आवाजाशिवाय.
मधेच थांबायची, मागे जायची,
तेच अवघड वळण पुन्हा.
मी रेडिओ लावला नाही.

ओबोची रीड म्हणजे तरी काय,
कुठल्याशा उबदार देशातल्या बोरूच्या दोन चिपा,
तोंडाला तोंड लावून दोऱ्याने आवळलेल्या.
गवतच ते. गव्हाचं लांबचं नातं.
आणि खिडकीबाहेर सरोवरावरून ओला बर्फ येत होता.
"हवा प्यायली तिने," मी म्हणालो.
"माहीत आहे," मान वर न करता ती म्हणाली
आणि सुरी काढली.

केसाएवढं खरवडायचं, दिव्यासमोर धरायचं,
ओठांत घेऊन फुंकायचं. नुसती रीड
कावळ्यासारखी ओरडते, आमच्या कोठारावरच्या.
पुन्हा खरवडायचं.
भिंतीपलीकडे कुणीतरी एकच 'आ' चढवत होतं, उतरवत होतं.
वर छतावर टॅपच्या बुटांची टकटक.
अख्खं मोटेलच ऑडिशनला आलेलं.
टेरिन न्हाणीघरात गेली, दाराखाली टॉवेल कोंबले,
आणि मी टीव्हीवर, आवाज बंद करून,
कुणाचं तरी स्वयंपाकघर बदलताना बघत राहिलो.

सकाळी कॉरिडॉरमध्ये आईबापांची रांग.
एका बाईंनी विचारलं, "तुमची कुणाकडे शिकते?"
"आमच्या चर्चमधल्या बाईंकडे. बासष्ट मैलांवर.
त्या खरं तर क्लॅरिनेटच्या."
"अरे वा," त्या म्हणाल्या
आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

दार बंद झालं.
मला संगीतातलं कळत नाही, पण तिचा श्वास कळतो.
घरी जिथे तो संपायचा, तिथे संपला नाही.
मग सूर मधेच तुटला. शांतता.
दुसरं काहीतरी सुरू झालं. तेही तुटलं.
नऊ मिनिटांत बाहेर.

"थांबवलं त्यांनी. दोनदा."
"म्हणजे चांगलं की वाईट?"
"ते कुणालाच माहीत नसतं, बाबा."

पॅनकेकच्या दुकानात तिने दोन ताटं संपवली
आणि मग, बोटाला लागलेला पाक चाटत, म्हणाली,
त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने रीड मागून घेतली,
उजेडासमोर धरली, उलटसुलट पाहिली.
"स्वतः केलीस?"
"हो."
परत दिली. बस्स.
"चेहरा कसा होता त्याचा?"
"कसाच नव्हता."

तो चेहरा मला ठाऊक आहे.
ठरवून झालेलं असतं, पण पावती फाडेपर्यंत
समोरच्याला कळू द्यायचं नसतं.
आरशाशिवायही मी तो चेहरा ओळखतो.
फक्त खालून, ट्रकच्या बाजूने,
कधी पाहिला नव्हता.

सप्टेंबरात अर्व्हिड टोलेफ्सनचा माल परत पाठवला,
पंधरा टक्के होता, माझा नाइलाज होता.
तो केबिनमध्ये चढला
आणि कितीतरी वेळ इंजिन सुरूच करेना.
मला वाटलं, किल्ली सापडत नसेल.

"बाबा," टेरिन म्हणाली, "निघायचं ना?
गुरुवारी सिनसिनाटी."
काचेवर बर्फ साचत होता.
किल्ली माझ्या हातातच होती.